मुस्तफा जाडा का दिसतोय? आर्केड एम्युलेशन नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी

भाचा मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडं कोल्हापुरात राजारामपुरीत आलता, सातवीतलं पोरगं, दिवसभर मोबाईलवर गेम. मी सहज बोलून गेलो की आमच्या टायमाला महाद्वार रोडच्या मागच्या बोळात एक व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, रुपयाला एक कॉइन, आणि मुस्तफा (हिरोच्या नावानंच आम्ही तो मारामारीचा गेम ओळखायचो) खेळायला शाळा सुटल्या सुटल्या पोरं पळत जायची. झालं. "मामा, लाव की मग तो मुस्तफा." एका दोस्ताकडचा पेनड्राईव्ह पडून होता, 'दहा हजार गेम, सगळं रेडी' असलं कायतरी, तो लावला, गेम चालू झाला आणि दोन मिनिटात पोरगं विचारतंय, "हा एवढा जाडा का हाय? आणि मधीच अडखळतोय का?"

खरं सांगायचं तर मला पण उत्तर माहीत नव्हतं. मग महिनाभर रात्री बसून शिकलो आणि जे कळलं ते इथं क्रमानं लिहितोय, कारण नवीन माणूस जिथं जिथं अडकतो तिथं तिथं मी अडकलोय. एक आधीच सांगतो, ह्या सगळ्या धंद्यात एक भांडण कायम चालू असतंय, ते म्हंजे मशीन जसं होतं अगदी तसंच चालवायचं की खेळणाऱ्याला सोपं जाईल तसं चालवायचं. अडचण आली की बहुतेक वेळा त्याच्या मुळाशी हेच भांडण असतंय, एवढं कळलं की अर्धी चिडचिड कमी होते.

पहिलं काम: एम्युलेटर कशासाठी बनवलाय ते बघा

एम्युलेटर म्हंजे जुन्या मशीनची नक्कल करून तिचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम. त्यातला मेम सगळ्यांनी ऐकलेला असतो. निकोला साल्मोरिया नावाच्या इटालियन माणसानं १९९७ च्या फेब्रुवारीत त्याची पहिली आवृत्ती काढली, आणि आज तो हजारो मशीन चालवतो. पण मेमवाल्यांचं म्हणणं पहिल्यापासनं असं की आम्ही जुन्या मशीनची नोंद ठेवतोय, आतली चिप काय करत होती ते लिहून ठेवतोय, गेम खेळता येतात हा वरचा फायदा. हे वाचून पहिल्यांदा मला राग आलता, म्हटलं खेळता येत नसेल तर करायचंय काय. पण तुम्ही उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या माणसाला विचारा, बेअरिंग बसायच्या जागेला तो मायक्रॉन मोजत बसतो आणि गेटच्या कडीला 'सूतभर इकडं तिकडं चालतंय' म्हणतो. माणूस तोच, मशीन तेच, फक्त जॉब काय आहे त्यावर ठरतंय. मेमवाले प्रत्येक जॉब बेअरिंगसारखा करतात, एवढाच विषय.

दुसरा आहे फायनलबर्न निओ. हा खेळणाऱ्यांच्या बाजूचा. कॅपकॉमचे बोर्ड (बोर्ड म्हंजे मशीनच्या आतली चिपा बसवलेली पाटी), निओ जिओ, सेगा, तोआप्लान, केव्ह असले ९० च्या दशकातले गेम ह्यात मस्त चालतात, जुन्या लॅपटॉपवर पण चालतात, आणि लोकांनी केलेले हॅक (मूळ गेममध्ये फेरफार करून बनवलेले) पण ह्यात घेतात. मेम हॅक घेत नाही, पण जे नकली बोर्ड खरोखर पार्लरमध्ये चालायचे ते घेतो, हा फरक पुढं कामाला येणार आहे.

तिसरं नाव रेट्रोआर्क. हा स्वतः एम्युलेटर नाही, हा म्हंजे एक स्टँड समजा, त्यात वेगवेगळे एम्युलेटर 'कोर' म्हणून बसवायचे. त्यात मेमचा ताजा कोर पण मिळतो आणि 'मेम २००३ प्लस', 'मेम २०१०' असले जुने पण. जुने का ठेवलेत? कारण ते कमी ताकदीच्या मशीनवर पळतात. अचूकता वाढली की प्रोसेसरवरचा भार वाढतो, हे साधं गणित आहे.

माझं मत सरळ सांगतो. नवीन असाल आणि तुम्हाला मुस्तफा, स्ट्रीट फायटर, मेटल स्लग, किंग ऑफ फायटर्स एवढंच पायजे असेल तर फायनलबर्न निओ घ्या, मेमच्या नादाला पहिल्याच दिवशी लागू नका. त्याच्या पलीकडचं काय पायजे असेल, पॅकमॅन, गॅलागा, तो जुना मोटारीचा गेम, कुठला तरी विचित्र जपानी बोर्ड, तर ताजा मेम. आणि थ्रीडी मशीन, म्हंजे सेगाचं मॉडेल ३ किंवा नाओमी असलं काय असेल तर त्यासाठी सुपरमॉडेल आणि फ्लायकास्ट हे वेगळे एम्युलेटर आहेत, तिथं मेमवर बसून घाम गाळण्यात अर्थ नाही. बाकी मेमला ग्राफिक कार्ड भारी असून बहुतेक गेममध्ये काही फरक पडत नाही, प्रोसेसरचा एक एक कोर किती फास्ट आहे ते महत्त्वाचं, हे कार्ड घ्यायच्या आधी वाचा म्हंजे पैसे वाचतील.

दुसरं काम: रॉमची भानगड

इथं सगळ्यात जास्त लोक सोडून जातात त्यामुळं इथं जरा दमानं वाचा.

रॉम म्हंजे खऱ्या बोर्डावरच्या चिपमधनं वाचून काढलेल्या फाइली, एका झिपमध्ये बांधलेल्या. ती झिप फोडायची नाही आणि नाव बदलायचं नाही. मुस्तफाचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमनं १९९३ ला काढलेला, त्याच्या झिपचं नाव नुसतं 'डिनो' आहे. कोणीतरी प्रेमानं त्याचं 'मुस्तफा' करून ठेवतो आणि मग गेम सापडत नाही म्हणून बोंबलतो. तो कोणीतरी मीच होतो.

आता कायद्याचं. ह्या गेमचे हक्क आजही कंपन्यांकडं आहेत, तो 'दहा हजार गेम' वाला पेनड्राईव्ह म्हंजे सरळ चोरीचा माल, त्यावर मी जास्त बोलत नाही. शिकायला मात्र मेमच्या स्वतःच्या साईटवर काही गेम हक्कदारांच्या परवानगीनं फुकट ठेवलेत, त्यातले ग्रिडली आणि रॉबी रोटो हे दोन उतरवा, आधी ते चालू करून दाखवा स्वतःला. ते चालले म्हंजे तुमचा एम्युलेटर बरोबर बसलाय, मग पुढं काही बिघडलं तर चूक रॉममध्ये आहे हे कळतं. ही पायरी कोणी करत नाही आणि सगळ्यांनी करायला पायजे. कॅपकॉमचे बरेच गेम आता विकत पण मिळतात, पण मुस्तफा मिळत नाही बरं का, तो एका कॉमिकवरनं लायसन घेऊन बनवलेला होता, त्यामुळं कॅपकॉमच्या २०१८ च्या मारामारीच्या गेमच्या संचात सात गेम आले आणि आपला हिरो त्यात नाही.

बरं, आता रॉम आणि व्हर्जन. मेमचं नवीन व्हर्जन साधारण महिन्याला येतं आणि प्रत्येक वेळी काही झिपमधल्या फाइली बदलतात. काल चालणारा गेम आज म्हणतो फाइल नाही. लोक म्हणतात मेमवाले मुद्दाम त्रास देतात. तसं नाही. बबल बॉबलचंच बघा, १९८६ चा टायटोचा गेम, त्याच्या बोर्डावर एक लहान कंट्रोलर चिप होती आणि तिच्या आतला प्रोग्राम बाहेरनं वाचता येत नव्हता. आधी त्या चिपचं काम अंदाजानं भागवायचे, म्हंजे ती काय करत असेल ते बघून तसं खोटं खोटं करायचं. पुढं चिपवरचं प्लास्टिकचं कवच काढून आतला खरा प्रोग्राम वाचला गेला, अंदाज काढून टाकला, आणि झिपमध्ये एक फाइल वाढली. ज्याच्याकडं जुनी झिप त्याचा गेम बंद. आता सांगा, चूक कोणाची? अंदाजावर चाललेला गेम चालू ठेवायचा की खरा लावायचा? मेम दरवेळी खरा लावतो.

मुस्तफाच्या बाबतीत तर गंमत दुसरी आहे. त्याचा आवाज क्यूसाऊंड नावाच्या चिपमधनं यायचा, त्या चिपच्या आतला प्रोग्राम पण पुढं वाचून काढला, आणि तेव्हापासनं डिनोच्या झिपबरोबर क्यूसाऊंडची एक वेगळी झिप पण लागते, ती नसेल तर मेम गेम उघडतच नाही. पण ती चिप जशीच्या तशी चालवली तर प्रोसेसरवर ताण येतो म्हणून मेमवाल्यांनीच तिथं हलका मार्ग ठेवला, म्हंजे चिपचं काम काय होतं ते समजून घेऊन तेवढंच करायचं. मायक्रॉनवाला माणूस पण कधीकधी सूतभर सोडतो तो असा, आणि मला ते वाचून जरा बरंच वाटलं.

तर करायचं काय:

एम्युलेटरचं व्हर्जन आणि रॉमचा संच एकाच व्हर्जनचा पायजे. रेट्रोआर्कमधल्या 'मेम २००३ प्लस'ला ०.७८ च्या आसपासचा संच लागतो, 'मेम २०१०'ला ०.१३९ चा, ताज्या मेमला ताजा. फायनलबर्न निओचा स्वतःचा वेगळा संच असतो पण तो ताज्या मेमच्या जवळ असतो.

गेम नाही चालला की मेम एक यादी दाखवतो, त्यात फाइलीच्या नावापुढं 'नॉट फाउंड' किंवा 'राँग चेकसम' असं लिहिलेलं असतं. ती यादी वाचा. नुसतं 'गेम चालत नाही' म्हणून कोणाला विचारू नका, ती यादी दाखवा, दोन मिनिटात उत्तर मिळतं.

निओ जिओच्या कुठल्याही गेमला 'निओजिओ' नावाची बायोसची (मशीनच्या स्वतःच्या मूळ प्रोग्रामची) झिप पायजेच, मेटल स्लग असो नाहीतर किंग ऑफ फायटर्स ९७.

आणि पेरंट-क्लोन. एका गेमचे दहा प्रकार असतात, त्यातला एक मुख्य आणि बाकीचे त्याचे क्लोन. 'स्प्लिट' संचात क्लोनच्या झिपमध्ये फक्त वेगळ्या फाइली असतात, त्यामुळं मुख्य झिप शेजारी नसेल तर क्लोन चालत नाही. 'नॉन-मर्ज्ड' संचात प्रत्येक झिप स्वतःत पूर्ण, जागा जास्त खाते पण नवीन माणसानं हाच घ्यावा, डोकेदुखी नाही.

कुठला बोर्ड खेळलाय ते आठवा

हे मी कुठं वाचलं नाही, स्वतः आपटून शिकलोय. माझा एक मित्र आहे, गंगावेशीतला, तो स्ट्रीट फायटर टू लावल्यावर पाच मिनिटात म्हणाला, "हा खोटा हाय. आमच्यात र्‍यू हवेत असताना हाडोकेन (हातातनं सुटणारा गोळा) मारायचा, आणि स्टार्ट दाबला की मॅच चालू असतानाच प्लेयर बदलायचा." दोन तास आम्ही एम्युलेटरला शिव्या दिल्या. एम्युलेटर बरोबर होता. पार्लरमध्ये जे मशीन होतं ते नकली बोर्डाचं होतं, 'रेनबो एडिशन' म्हणून ओळखला जाणारा चॅम्पियन एडिशनचा हॅक, त्यात हे सगळं चालायचं. कॅपकॉमच्या खऱ्या बोर्डावर हवेत हाडोकेन नव्हताच. मेममध्ये चॅम्पियन एडिशनच्या क्लोनच्या यादीत हा रेनबो आहे, तो लावला आणि गडी खूश, नाद खुळा म्हणत तासभर उठला नाही.

म्हणून अचूक म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा, कशाशी अचूक? आपल्याकडच्या पार्लरमध्ये नकली बोर्ड भरपूर होते. तुमची आठवण आणि गेम जुळत नसेल तर आधी क्लोनची यादी बघा, मग सेटिंग बघा, कारण पार्लरवाला डिफिकल्टी वाढवून ठेवायचा, रुपया लवकर सुटायला पायजे की. मेममध्ये टॅब दाबला की मेन्यू येतो, त्यात डिप स्विच सापडतात, जुन्या बोर्डावर बारके बारके खटके असायचे तेच हे. मुस्तफाच्या बोर्डावर ते खटके नाहीत, तिथं एफ २ दाबून मशीनच्या स्वतःच्या टेस्ट मेन्यूत जायचं.

तिसरं काम: चालू करा, आणि घाबरू नका

५ म्हंजे कॉइन, १ म्हंजे स्टार्ट, बाण म्हंजे जॉयस्टिक, डावा कंट्रोल, डावा अल्ट आणि स्पेस ही पहिली तीन बटणं. एफ ५ (जुन्या व्हर्जनमध्ये पी) दाबलं की थांबतो, एस्केप दाबलं की बाहेर. सगळं टॅबच्या मेन्यूतनं बदलता येतं.

चालू झाल्यावर लगेच गेम येईलच असं नाही. गॅलागासारखं मशीन लावलं तर आधी स्क्रीनवर कचरा दिसतो, मग आडव्या उभ्या रेषांची जाळी, मग गेम. हा बिघाड नाही, खरं मशीन पण सकाळी शटर उघडून स्विच टाकला की असंच मेमरी तपासत बसायचं, आपण फक्त शाळा सुटल्यावर जायचो म्हणून आपल्याला माहीत नाही. डिफेंडर, रोबोट्रॉन असले विल्यम्सचे गेम पहिल्यांदा लावले की 'फॅक्टरी सेटिंग'बद्दलचा मेसेज देऊन थांबतात, एफ ३ नं रिसेट करा, पुढच्या वेळेपासनं सरळ चालतात. कंटाळा येत असेल तर इन्सर्ट बटण दाबून धरा, तेवढा वेळ पटापट पुढं पळतं.

सुरुवातीला जी सूचना येते ती पण वाचा. 'ग्राफिक्स पूर्ण नाहीत', 'आवाजात त्रुटी आहेत' असं लिहिलेलं असेल तर खेळता येतो पण कुठंतरी कमी आहे. मशीन चालत नाही असं लाल पडद्यावर आलं तर खरंच चालत नाही, तासभर सेटिंग बदलून काही होणार नाही, दुसरा गेम लावा.

चौथं काम: जाडेपणा घालवा

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर आता. मुस्तफाच्या बोर्डाचं चित्र ३८४ बाय २२४ ठिपक्यांचं आहे, पण ते दिसायचं पार्लरमधल्या काचेच्या चौकोनी पिक्चर ट्यूबवर, म्हंजे ४:३ आकारात. म्हणून ठिपका चौरस नसून उभा लांबट आहे. तो पेनड्राईव्ह बनवणाऱ्यानं चित्र पूर्ण रुंद स्क्रीनवर ताणून टाकलेलं, लोकांना बाजूच्या काळ्या पट्ट्या आवडत नाहीत म्हणून. मग मुस्तफाच काय, कॅडिलॅक पण ट्रक दिसणार.

मेममध्ये व्हिडिओ ऑप्शन्समध्ये आकार जपायचा पर्याय आहे, 'एनफोर्स अ‍ॅस्पेक्ट रेशो', तो मुळात चालूच असतो, कोणी बंद केला असेल तर चालू करा. रेट्रोआर्कमध्ये अ‍ॅस्पेक्ट रेशो 'कोर प्रोव्हायडेड' ठेवा. १०८० च्या स्क्रीनवर चित्र १४४० बाय १०८० एवढं येईल आणि दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या. राहू द्यात त्या. ह्या बाबतीत मी अजिबात सोयीच्या बाजूचा नाही. चित्र ताणणं म्हंजे पांढऱ्या रश्श्यात पाणी घालून वाटी भरणं. पॅकमॅनसारख्या उभ्या स्क्रीनच्या गेमला तर पट्ट्या आणखी रुंद येतात, जमत असेल तर जुना मॉनिटर कुशीवर फिरवून स्क्रीन उभी करून बघा, वेगळीच मजा.

सीआरटीसारख्या (जुन्या पिक्चर ट्यूबसारख्या) रेघा दाखवणारे शेडर, म्हंजे चित्रावरचे इफेक्ट, लावायचे की नाही ते तुमच्या डोळ्यांवर. मला आवडतात, बायको म्हणते टीव्ही बिघडला काय.

पाचवं काम: वेग

हा भाग जरा किचकट आहे पण अडखळण्याचं मूळ इथंच आहे. तुमचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. जुनी मशीन मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीनं चालायची. निओ जिओ ५९.१८, मुस्तफाचा बोर्ड ५९.६ च्या आसपास, पॅकमॅन ६०.६, आर-टाईप ५५, आणि मॉर्टल कॉम्बॅट ५४.७. आता ५४.७ चं चित्र ६० च्या मॉनिटरवर दाखवायचं तर तीनच मार्ग. एक, गेम खऱ्या वेगानं चालू द्या आणि काही चित्रं दोनदा दाखवा, मग स्क्रोल होताना बारीक हिसके बसतात. दोन, मॉनिटरची वाट न बघता चित्र टाका, मग मधनं फाटल्यासारखी रेघ दिसते. तीन, गेमच ६० वर पळवा, मग चित्र लोण्यासारखं सरकतं पण मॉर्टल कॉम्बॅट जवळजवळ १० टक्के फास्ट होतो आणि आवाज पण तसाच चढतो.

मग करायचं काय? मुस्तफा, निओ जिओ असल्या ५९ च्या आसपासच्या गेमना तिसरा मार्ग बिनधास्त लावा, एक-दीड टक्का वेग वाढलेला कोणाच्या बापाला कळत नाही. मेममध्ये त्याचं नाव 'सिंक रिफ्रेश'. ५४-५५ वाल्या गेमना लावू नका, तिथं हिसके सहन करा. आणि नवीन मॉनिटर घेणारच असाल तर बदलता रिफ्रेश रेट असलेला घ्या, फ्रीसिंक वगैरे लिहिलेलं असतं, तो स्वतः ५४.७ वर येऊन बसतो आणि हे भांडणच मिटतं.

मशीन कमजोर असेल तर फ्रेमस्किप हा जुना उपाय आहेच, गेमचा वेग बरोबर राहतो पण काही चित्रं गाळली जातात. एफ ११ दाबून टक्का बघा, १०० च्या खाली सारखा जात असेल तर आधी हलका एम्युलेटर घ्या, मग फ्रेमस्किपचा विचार करा.

वेगाचा विषय नुसता हौशी लोकांचा आहे असं वाटत असेल तर स्पेस इन्व्हेडर्स घ्या, १९७८ चा. त्यात ५५ परग्रहवासी असतात आणि मशीन एका फ्रेममध्ये (म्हंजे स्क्रीनवरच्या एका चित्रात) फक्त एकाला सरकवतं, त्यामुळं सगळी फौज एक पाऊल हलायला जवळजवळ सेकंद लागतो. जसे मारत जाल तसे उरलेल्यांचा नंबर लवकर येतो आणि फौज फास्ट होत जाते, शेवटचा एक तर सुसाट सुटतो. आख्ख्या गेमची धाकधूक ह्याच मर्यादेतनं आली. एम्युलेटरनं 'मदत' म्हणून सगळ्यांना एका दमात सरकवलं असतं तर गेमच मेला असता.

उलटं उदाहरण मेटल स्लग टूचं. स्क्रीनवर गर्दी झाली की तो गेम भयंकर स्लो होतो. लोक म्हणतात एम्युलेटर खराब. खरं मशीन पण तसंच स्लो व्हायचं! पुढं १९९९ ला मेटल स्लग एक्स आला त्यात ते बरंच सुधारलं. तुम्हाला टूच खेळायचा असेल आणि स्लो नको असेल तर फायनलबर्न निओमध्ये सीपीयूचा वेग वाढवायचा पर्याय आहे, तो थोडा थोडा वाढवत बघा. मेममध्ये पण स्लायडर आहे पण चीट चालू केल्याशिवाय तो दिसतच नाही, म्हंजे ह्याला ते फसवणूकच समजतात. मी वाढवून खेळतो. बघू कोण काय करतंय.

बटण दाबलं आणि उशिरा मारलं

हे टीव्हीवर खेळणाऱ्यांचं दुखणं. एम्युलेटरमध्ये हात घालायच्या आधी टीव्हीचा 'गेम मोड' चालू करा, नव्वद टक्के तक्रारी तिथंच संपतात असं माझ्या ओळखीतल्या लोकांवरनं वाटतं. तरी राहिलं तर रेट्रोआर्कमध्ये 'रन-अहेड' आहे. हा आतल्या आत गेम एक-दोन फ्रेम पुढं चालवून बघतो आणि तेच चित्र तुम्हाला आधी दाखवतो. एक फ्रेम म्हंजे साधारण १६.७ मिलिसेकंद. गंमत अशी की ह्यानं खऱ्या मशीनपेक्षा पण लवकर प्रतिसाद मिळू शकतो. एक फ्रेम ठेवा, जास्त वाढवलं की कॅरेक्टर उड्या मारत दिसतात.

हायस्कोर, सेव्ह आणि कॉइन

पॅकमॅन, गॅलागा असल्या मशीनला हायस्कोर लक्षात ठेवायची सोय नव्हती. रात्री पार्लरवाल्यानं शटर ओढलं, स्विच पाडला, स्कोर गेला. मेममध्ये पूर्वी स्कोर साठवायची सोय होती, पुढं ती काढून टाकली, कारण त्यासाठी चालत्या मशीनच्या मेमरीत बाहेरनं हात घालावा लागतो आणि खरं मशीन ते करत नव्हतं. लोकांनी लई आरडाओरडा केला. नंतर ती प्लगिन (वरनं जोडायचा भाग) म्हणून परत आली, बंद अवस्थेत, पायजे त्यानं चालू करावी. प्लगिनच्या यादीत 'हायस्कोर' शोधा, चालू करा, मेम बंद करून परत उघडा. भांडण मिटवायची ही रीत मला आवडली.

सेव्ह स्टेट (गेम मधेच आहे तसा साठवणं) बहुतेक गेममध्ये चालतं, पण एम्युलेटर अपडेट केला की जुनं सेव्ह उघडेलच असं नाही. अर्धा राहिलेला गेम आधी संपवा.

कॉइनचं मात्र ऐका. भाच्यानं ५ चं बटण बोटाखालीच ठेवलं, मेला की कॉइन, मेला की कॉइन, अर्ध्या पाऊण तासात गेम संपवला आणि म्हणाला बोर आहे. दुसऱ्या दिवशी मी तीन कॉइनची अट घातली. तिसऱ्या स्टेजच्या पुढं जाईना, आणि सुट्टी संपेपर्यंत सोडेना. ही अट कुठल्या एम्युलेटरच्या मेन्यूत नाही, घरच्या मोठ्या माणसानं घालायची.

जमलं की हात लावू नका

सगळं जुळलं की आख्खं फोल्डर दुसरीकडं कॉपी करून ठेवा, एम्युलेटर, रॉम, सेटिंग, सगळं एकत्र. नवीन व्हर्जन आलं तर वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, बघा, आवडलं तर जा तिकडं. दर महिन्याला अपडेट करायची काही गरज नाही, तुमचा मुस्तफा मागच्या महिन्यात पण तोच होता. मित्राशी ऑनलाईन खेळणार असाल तर दोघांकडं एम्युलेटर आणि रॉम अगदी सारखेच पायजेत. फाइटकेड हे त्यासाठी लोक वापरतात, ते फायनलबर्न निओवर चालतं.

शेवटी कंट्रोल. कीबोर्डवर दोन माणसं खेळायला लागली की काही बटणं एकत्र दाबलेली लागतच नाहीत, तो कीबोर्डचा दोष आहे, एम्युलेटरचा नाही. जॉयस्टिक, बटणं आणि यूएसबीची एन्कोडर पट्टी (बटणांच्या तारा कॉम्प्युटरला जोडणारी) असा सेट ऑनलाईन मिळतो, पट्टीवर 'झिरो डिले' लिहिलेलं असतं, ते नुसतं नाव आहे, पण घरी खेळायला चालतंय. पेटी सुताराकडनं करा आणि वरचा पत्रा उद्यमनगरात लेसर कटिंगला द्या. ड्रॉइंगमध्ये बटणाचं होल ३० मिमी लिहा, पण आधी हातातलं बटण व्हर्नियरनं मोजा कारण २८ ची पण बटणं येतात, आणि पावडर कोटिंग करणार असाल तर होल अर्धा मिमी जादा ठेवायला सांगा, नाहीतर कोटिंगनंतर बटण आत जात नाही आणि घरी कानस घेऊन बसावं लागतंय. मी बसलोय, बारा होल.